माहितीलाही पावती हवी

आपल्या वस्त्यांतील मुलेमुली आज नर्सिंग, बी.एड., एम.ए. करीत आहेत. बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. प्रकल्प लिहायचा म्हटला की घरी विचारायला कोणी नसते. मग मोबाईलवर शोधायचे आणि पहिले दिसेल ते उतरवून काढायचे. घात होतो तो तेथेच. वरच्या ओळींत पुष्कळदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते. तोंडी परीक्षेत 'हे कुठून घेतले?' असे विचारले की पोर गप्प होते.

आम्ही कारकून मंडळी पावतीशिवाय खर्च मांडत नाही. माहितीचेही तसेच आहे. ती कोणी दिली, केव्हा दिली आणि कशाच्या आधारावर दिली, हीच तिची पावती.

अशी पावतीसह माहिती देणारी विषयवार दालने इंटरनेटवर आहेत. ब्रिटनमधील विद्यापीठांनी तपासून निवडलेल्या संकेतस्थळांची दालने २००६ साली 'इन्ट्यूट' नावाने एकत्र आली. पुढे पैसा थांबला आणि २०११ साली ते काम बंद पडले. इतर दालने मात्र चालू आहेत. वैद्यकासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे 'पबमेड' १९९७ पासून सर्वांना मोफत खुले आहे; त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. शेतीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे 'अ‍ॅग्रिस' आहे. आपल्याकडे गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'ची 'शोधगंगा' आहे. तेथे पीएच.डी.चे प्रबंध विद्यापीठवार व विभागवार लावलेले असून मराठी प्रबंधही फुकट वाचता येतात.

काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पबमेडवर बहुधा लेखाचा सारांश मिळतो. पूर्ण लेख मोफत हवा तर 'पबमेड सेंट्रल' पाहावे. नोंद आहे म्हणून मजकूर काळ्या दगडावरची रेघ ठरत नाही. एकच लहानसा अभ्यास आहे की अनेक अभ्यासांचा आढावा, हे पाहावे. मागे घेतलेल्या लेखावर तसा शेरा असतो, तोही वाचावा. प्रबंधातील मजकूर घेतला तर संशोधकाचे नाव, वर्ष व विद्यापीठ लिहावे. न लिहिल्यास ती चोरी होते.

आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. लेकराने वही पुढे केली की एवढेच विचारावे, 'बाळा, हे कुठून घेतलेस?' घरात हा प्रश्न ऐकण्याची सवय झालेले मूल परीक्षकासमोर गप्प राहणार नाही.