शांतता हाही आपला हक्क

जयंतीच्या डीजेवर बोट ठेवले की आपल्यातला तरुण लगेच विचारतो, "त्यांच्या मिरवणुका दिसत नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. वर्षातले 15 दिवस रात्री 12 पर्यंत भोंग्यांना सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. ती कोणाच्या सणांना मिळते, हे आम्ही जरूर विचारू. पण दुसऱ्याच्या गोंगाटाने आपला गोंगाट योग्य ठरत नाही.

2000 च्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल आहे. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न संविधानाच्या कलम 21 शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. बंगल्याच्या खिडकीला जाड काच बसते, वस्तीतल्या पत्र्याला नाही. रेल्वेरूळ, हायवे आधीच आमच्या उशाशी. त्यात आपणच डीजेची भिंत उभी केली, तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली बहीण बसणार कुठे?

सामञ्ञफल सुत्तात राजा अजातशत्रू जीवकाच्या आंबराईत येतो. 1250 भिक्खू असूनही खोकल्याचा आवाज नाही. हा कट तर नाही ना, म्हणून राजाच घाबरतो. सत्तेला धडकी भरवणारी ती शांतता आपला वारसा आहे.

म्हणून कान्हेरीला जाताना स्पीकर घरी ठेवा, तिथली पाखरे ऐका. मिरवणूक जरूर काढा. डीजेच्या पैशातून मात्र अभ्यासिका उभारा. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी!

जय भीम!