बारा आण्यांचा संकल्प

जानेवारीचा पहिला आठवडा सरला, की नव्या वर्षाच्या संकल्पांची टवाळी सुरू होते. पहाटे फिरायला निघालेले, रोजनिशी आणलेले, सिगारेट सोडलेले, सगळेच त्या टवाळीचे धनी होतात. मला मात्र ही मंडळी आवडतात. त्यांची इच्छा खोटी नसते. त्यांचे अडते ते दुसरीकडेच, आणि कुठे अडते हे पाहायला परदेशी पुस्तके चाळण्याची गरज नाही. आपली तलासरी पुरेशी आहे.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिला इकडचे मोजकेच वारली गेले होते. पुढे शामराव आणि गोदावरी परुळेकर इकडे पाड्यापाड्यांतून हिंडले आणि २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा ते उंबरगाव तालुक्यात होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, अशा ‘लग्नगड्यां’चा तो मुलूख. त्या सभेने काय ठरवले? वेठ करायची नाही. रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी जमिनीवर कामाला जायचे नाही. मारहाण झाली तर प्रतिकार करायचा आणि एकी सोडायची नाही.

पोट कमी करण्याच्या संकल्पाशेजारी हा लढा ठेवणे काहींना अप्रशस्त वाटेल. त्या निश्चयाची किंमत फार मोठी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाचजण गेले. आपल्या चुकलेल्या व्यायामाला असले काही मोजावे लागत नाही, हे मलाही कळते. मी पाहतो आहे तो फक्त त्या ठरावाचा घाट. ‘आता आम्ही मानाने जगू’ एवढेच म्हणून ती माणसे घरी गेली असती, तर दुसऱ्या दिवशी मुकादम दारात आल्यावर काय बोलायचे, ते कुणाला सुचले असते? बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. हा आकडा निरक्षरालाही पाठ होता, शेजाऱ्यालाही ठाऊक होता. एखादा कमी पैशांत कामाला गेला, तर साऱ्या पाड्याला ते त्याच संध्याकाळी कळणार. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा काळ आहे. घरात नसेल, तर यंदाच्या वाचनाच्या संकल्पात ते पहिले ठेवावे.

आपल्या पूजेतल्या संकल्पाचा रिवाज तरी निराळा कुठे आहे? हातात पाणी घेऊन स्थळ, तिथी, आपले नाव आणि करायचे कर्म मोठ्याने सांगायचे, तेही चारचौघांत. आपण मात्र ‘तब्येतीकडे लक्ष देईन’ असे मनातल्या मनात म्हणतो. त्यात ना आकडा, ना साक्षीदार. संकल्प गुप्त ठेवावा, असा सल्ला देणारेही भेटतात. तो मला कधीच पटला नाही. गुप्त संकल्प मोडायला फार सोयीचा असतो.

बँकेच्या नोकरीत दर जानेवारीला आवर्ती ठेवीची खाती उघडायला गर्दी मी पाहिली आहे. उत्साहाच्या भरात मोठा हप्ता लिहून देणारे बहुधा जूनमध्ये, शाळेची फी आणि वह्यापुस्तके आली, की थकत. लहान हप्त्यावाले मुदत पुरी करीत. पिग्मीचे तर आणखी सोपे: एजंट रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीशी उभा राहायचा आणि त्याच्या तोंडावर ‘आज नाही’ म्हणण्यापेक्षा गल्ल्यातून दहा रुपये काढून देणे दुकानदाराला बरे वाटायचे. घरातही असा एजंट नेमता येतो. आठ-दहा वर्षांच्या नातवंडाइतका कडक वसुलीदार मला बँकेतसुद्धा भेटला नाही.

राहिली गोष्ट चुकलेल्या दिवसाची. आवर्ती ठेवीचा एक हप्ता राहिला म्हणून बँक लगेच खाते बंद करीत नाही. किरकोळ दंड लावते आणि पुढचा हप्ता घेते. घरी आपण स्वतःला एवढीही सवलत देत नाही. तीन दिवस फिरणे चुकले, की नवे बूट माळ्यावर जातात, ते पुढच्या जानेवारीपर्यंत.