उणे-उणे अधिक : पाठांतर आणि आकलन

‘उणे-उणे अधिक’ हे सूत्र आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतले जात आहे. तरीही उणे तीनमधून पाच वजा केल्यास किती, असे विचारले असता ‘अधिक आठ’ असे उत्तर देणारे विद्यार्थी महाविद्यालयातही आढळतात. सूत्र ते विसरलेले नसतात. उलट तेवढेच त्यांच्या लक्षात असते. ते गुणाकाराचे आहे, बेरजेचे नव्हे, हा भाग मात्र पाठांतरात गळून जातो. तीन रुपयांच्या कर्जात पाच रुपयांच्या कर्जाची भर पडली, तर आठ रुपयांचे कर्जच होणार, हे किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीलाही ठाऊक असते.

वास्तविक हे नियम जन्मले तेच व्यवहाराच्या भाषेत. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात ते मांडले, तेव्हा त्याने ‘धन’ आणि ‘ऋण’ हेच शब्द योजिले. दोन ऋणांची बेरीज ऋण, शून्यातून ऋण वजा केल्यास धन, दोन ऋणांचा गुणाकार धन. युरोपात मात्र या संख्यांविषयीची साशंकता दीर्घकाळ टिकली. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मॅसेरेस याने १७५८ साली त्यांच्या वापराविरुद्ध ग्रंथच लिहिला. विद्वानांना जे अवघड गेले, ते तेरा वर्षांच्या मुलाने निमूटपणे स्वीकारावे ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

आणि कारण सांगता येत नाही असेही नाही. एखाद्या कुटुंबाची शिल्लक दरमहा ५०० रुपयांनी घटत असेल, तर तीन महिन्यांनी ती १,५०० रुपयांनी कमी होईल. मग तीन महिन्यांपूर्वी ती किती होती? अर्थातच आजच्यापेक्षा १,५०० रुपयांनी अधिक. काळ उणे, बदल उणे, फल अधिक. नेमकी सिद्धताही अवघड नाही. पाच आणि उणे पाच यांची बेरीज शून्य. तिला उणे तीनने गुणले तरी शून्यच यावयास हवे. पहिला गुणाकार उणे पंधरा, म्हणून दुसरा अधिक पंधरा असल्यावाचून गत्यंतर नाही.

हा प्रश्न केवळ गणिताच्या तासाचा असता, तर त्यासाठी वृत्तपत्राची जागा अडवण्याचे कारण नव्हते. महागाईचा दर सहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला, म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, असा समज सर्वत्र आढळतो. येथे दरातील बदल उणे आहे, दर मात्र अजून अधिकच आहे. भाव वाढतच आहेत, फक्त कमी वेगाने. ३१ ऑगस्ट २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार त्या वर्षीच्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचे उत्पादन २०.१ टक्क्यांनी वाढले; आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ते २४.४ टक्क्यांनी घटले होते. केवळ चार टक्क्यांची तूट उरली, असे अनेकांस वाटले असेल. परंतु १०० चे ७५.६ झाले आणि त्या ७५.६ वर वीस टक्के वाढ मिळाली. हिशेब जेमतेम ९१ वर पोहोचतो. कर्जमाफीचेही तेच. शेतकऱ्याचे ऋण वजा झाले म्हणजे त्याला धन मिळाले, हे खरे आणि अनेकदा आवश्यकही. पण तेवढेच ऋण सरकारी तिजोरीच्या, म्हणजे करदात्यांच्या, खात्यावर चढते. ते कोणी सोसावयाचे, हा खरा वादाचा मुद्दा असतो आणि नेमका तोच चर्चेतून निसटतो.

म्हणून शिक्षकांनी सूत्राआधी जमाखर्चाची वही वर्गात आणावी, आणि परीक्षकांनी उत्तराबरोबर ‘का?’ हेही विचारावे. ज्या समाजाला चिन्हांचा अर्थ कळत नाही, त्याच्यापुढे तोटा नफा म्हणून मांडणे कोणालाही अवघड जात नाही.