दोष ग्राहकाचा नव्हे

म्हैसूर ज्या दूरसंचार परिमंडळात येते, त्या कर्नाटकात २०१७च्या जुलैअखेरीस बीएसएनएलचे ब्रॉडबँड मोडेम मोठ्या संख्येने बंद पडले. ‘ब्रिकरबॉट’ या मालवेअरच्या कर्त्याने जबाबदारी घेतली. बाधित मोडेमांचा आकडा ६० हजारांवर सांगितला गेला. कारखान्यातून आलेला पासवर्ड होता ‘अ‍ॅडमिन’. ग्राहकांनी तो बदलला नाही, असा ठपका तत्काळ ठेवला गेला. हा न्याय उफराटा आहे.

मोडेमची सेटिंग्ज घरातूनच बदलता येतात. १९२.१६८.१.१ यासारख्या स्थानिक पत्त्यावर त्याचा वेब-एपीआय असतो. ब्राउझर वा दहा ओळींची आज्ञावली तेथे विनंती धाडते आणि वाय-फायचे चॅनेल, नाव, पासवर्ड बदलतात. ही सोय ग्राहकाच्या हाती राहायलाच हवी, आणि तिची माहितीही खुली हवी. (विद्यार्थ्यांना नेटवर्क शिकण्यास याहून स्वस्त प्रयोगशाळा कोणती?) परंतु त्या मोडेमांचे दूरस्थ व्यवस्थापनाचे ७५४७ क्रमांकाचे पोर्टही थेट इंटरनेटकडे उघडे होते. ते उघडे ठेवणे वा मिटणे सेवादात्याच्या हाती होते, ग्राहकाच्या नव्हे.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट एकच पासवर्ड कायद्याने निषिद्ध केले. तेथे उत्तरदायी ठरतो तो उत्पादक. कर्नाटकातील ग्राहकांना मात्र सल्ला मिळाला: मोडेम रिसेट करा, पासवर्ड बदला.