रंग पक्का शे ना?

दिवाळीच्या दिवसांत चोपड्याच्या बाजारपेठेत एक प्रश्न हमखास कानी पडतो : “भाऊ, रंग पक्का शे ना?” दुकानदार “शे ना, ताई!” असे ठासून सांगतो, आणि खरे काय ते पहिले धुणे सांगते.

खानदेशात हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. कापूस आमच्याच काळ्या जमिनीतला. शेजारी अमळनेरला प्रताप शेठजींची कापडगिरणी १९०६ साली उभी राहिली. त्याही आधीपासून आलीच्या मुळांचा लाल रंग सुताला चढवणारे रंगारी होतेच. सुताला रंग सहजी धरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक. म्हणून आधी हरड्याचे पाणी, मग तुरटी आणि मगच रंग. लग्न जमवायला मध्यस्थ लागतो, तसाच हा प्रकार!

आता या धंद्यात एक नवा पाहुणा आला आहे. त्याचे नाव ‘नॅनो’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुटका. आपण त्याला वामन म्हणू. मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. चांदीचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण केले, तर कापसाच्या एका तंतूच्या रुंदीत असे हजारभर कण ओळीने बसतील.

गंमत अशी, की इतकी बारीक झालेली चांदी पांढरी राहत नाही. ती प्रकाशातला जांभळा-निळा भाग शोषून घेते आणि कापड पिवळे दिसू लागते. कणांचा आकार बदलला, की रंगही बदलतो. म्हणजे रंगद्रव्याचा थेंबही न घालता कापड रंगते! शिवाय घामावर पोसणारे आणि कपड्यांना दुर्गंधी आणणारे जंतू या चांदीपुढे टिकत नाहीत. रंग आणि औषध एकाच बुडीत.

हे संशोधन साता समुद्रांपलीकडेच चालते असे नाही. माटुंग्याला १९२४ साली कापसाची एक प्रयोगशाळा निघाली. तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली जस्ताच्या भस्माचे असेच सूक्ष्म कण स्टार्चच्या आधाराने सुती कापडावर बसवून दाखवले. स्टार्च म्हणजे आपल्या घरची खळच की! जस्त रंग देत नाही. पण जंतूंना आवर घालते आणि उन्हातले अतिनील किरणही अडवते.

मात्र आमच्या ताईंचा प्रश्न इथेही सुटत नाही. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली चांदी घातलेले पायमोजे आणून धुऊन पाहिले. काही मोज्यांतली चांदी फारशी हलली नाही. काहींतली मात्र चार धुण्यांत जवळजवळ सगळी निघून गेली. कपडा वापरणाऱ्याचे पैसे गेले ते वेगळेच. पण ती चांदी गेली कुठे? मोरीतून गटारात आणि गटारातून नदीत. सांडपाणी शुद्ध करणारे काम जंतूच करतात. जंतू मारणाऱ्या चांदीला त्यांतला सज्जन कोण नि दुर्जन कोण, हे कसे कळावे?

म्हणून जागा पाहून वस्तू वापरावी. भाजलेल्या रोग्याच्या जखमेवर चांदीची पट्टी बांधली, तर तिचे मोल मोठे आहे. तिथे हात आखडू नये. पण रोजच्या बनियनला साबण, स्वच्छ पाणी आणि आमचे खानदेशी ऊन पुरेसे आहे. ‘जंतुरोधक’ अशी चिठ्ठी लावलेले महागडे कापड कोणी पुढे केले, तर दोन प्रश्न जरूर विचारावेत : हा गुण किती धुण्यांपर्यंत टिकेल? आणि धुऊन निघालेले जाईल कुठे?

पाडव्याला आपण बळीराजाची आठवण काढतो. त्या भोळ्याने वामनाचे इवलेसे रूप पाहिले आणि तीन पावले देऊन टाकली. या नव्या वामनाचे स्वागत आपणही अवश्य करू. मात्र त्याची पावले आधी मोजून घेऊ.