साध्या सूचनेवरही ‘नाही’: हा हट्ट नव्हे

‘दात घास, बूट घाल, व्हॅन आली!’ एवढ्यानेही काही ऑटिस्टिक मुलं बिथरतात. ब्रिटनमध्ये एलिझाबेथ न्यूसन यांनी १९८०च्या दशकात याला ‘पीडीए’ नाव दिलं. आयसीडी-११मध्ये ते स्वतंत्र निदान नाही. त्यामुळे ससूनच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर हा शब्द शोधू नका. त्यावर ऑटिझमची नोंद असली, की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारमान्य शाळेकडे गरजेनुसार सोयी मागता येतात.

शाळेला नेमकं सांगा: यामागे बहुतेकदा भीती, अस्वस्थता असते. ओरडण्याने ती वाढते, बक्षिसाच्या आमिषानेही वाढू शकते (हे आजी-आजोबांना पटवणं अवघड!). ‘बूट आधी की दप्तर?’ असं विचारा, उत्तराला वेळ द्या. एखाद्या दिवशी दात राहिले तर राहू देत. नकार अचानक वाढले, तर दातदुखी, झोप आणि शाळेतला त्रास आधी तपासा.