बासी : प्याल्यातले बंड

१/ फिलिपिन्सला निघालेल्या पर्यटकांसाठीच्या याद्यांत ‘अवश्य चाखा’ या सदराखाली आंबा, कलमान्सीचे सरबत, नारळाची ‘तुबा’ आणि उसाची ‘बासी’ एकाच ओळीत मांडलेली असतात. ही ओळ बासीवर अन्याय करणारी आहे. तिच्यासाठी माणसे फासावर गेली आहेत. 🧵

२/ बासी हे लुझोन बेटाच्या वायव्येकडील इलोकोस प्रदेशाचे मद्य. उसाचा रस कढवून, त्यात समाक नावाच्या झाडाची पाने घालून तो मातीच्या रांजणांत महिनोन्‌महिने मुरवतात. (हिंदीतल्या ‘बासी’शी या नावाचा काही संबंध नाही, ही जितकी जुनी तितकी मोलाची.) लग्न असो वा अंत्यविधी, बासीवाचून इलोकानोंचे कार्य पार पडत नसे.

३/ १७८६ मध्ये स्पॅनिश सत्तेने खासगीरीत्या बासी बनवण्यावर बंदी घातली. ऊस आपला, कष्ट आपले आणि बासी मात्र सरकारी दुकानातून विकत! १६ सप्टेंबर १८०७ रोजी पिद्दिग गावी पेद्रो मातेओच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. बंडखोर गावामागून गाव घेत दक्षिणेकडे सरकले. २८ सप्टेंबरला सान इल्देफोन्सोजवळ, बांताओय नदीकाठी त्यांचा पाडाव झाला.

४/ १८२१ मध्ये एस्तेबान विलानुएवा याने हे बंड १४ चित्रांत रंगवले. काहींच्या आकाशात त्या वर्षीचा धूमकेतूही आहे. अखेरची चित्रे फाशीची. दहशत बसवण्याचा हेतू त्यांत लपत नाही.

५/ तुबा म्हणजे आपली माडीच. मनिला–आकापुल्को गलबतांवरील (१५६५–१८१५) फिलिपिनो खलाशांनी ती मेक्सिकोत नेली; कोलिमात ती आजही विकली जाते. तिथल्या माडाच्या मद्यामुळे स्पेनहून येणाऱ्या द्राक्षमद्याचा खप बुडेल, अशी तक्रार सेबास्तियान दे पिनेदाने १६१९ मध्ये थेट राजाकडे केली होती. (परतीच्या वाटेने मेक्सिकोचा चिकू मनिलात उतरला.)

६/ बासीच्या उठावाला ‘दारूसाठीचा दंगा’ म्हणून हसण्यावारी नेणे हा निव्वळ आळस आहे. प्रश्न नशेचा नव्हता. घरच्या रांजणावर हक्क कोणाचा, हा होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीच्या झाडांवरील कराचा फास आवळला, तेव्हा कोकणातील भंडाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता.

७/ विगनला जाणाऱ्याने बासी जरूर चाखावी. मात्र आधी तिथल्या संग्रहालयातील ती १४ चित्रे पाहावीत, मग प्याला उचलावा.